नळीचा घसा

नांदे झोबेत्सचा नेम चुकायला लागला तो मागच्या हिवाळ्यात. आधी एक हरीण सुटलं, उघड्या कुरणावर, भर उजेडात. मग रानडुकराच्या हाकाऱ्यात त्याने झाडलेली गोळी भलत्याच बीच झाडाच्या बुंध्यात जाऊन बसली. कोचेव्हेच्या जंगलात नांदेचं नाव होतं. त्याने बंदूक खांद्याला लावली की बाकीचे सुरी काढायला घ्यायचे, असं गावच्या शिकार मंडळातले गडी म्हणत. आता तेच लोक शिकारघरात तो आला की विषय बदलायचे. तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं. पण डोळे गेले म्हाताऱ्याचे, हे सगळ्यांनी मनोमन ठरवून टाकलं होतं.

नांदेनेही ठरवलं होतं. सकाळी खिडकीत उभा राहून तो एक डोळा झाकायचा, मग दुसरा, आणि समोरच्या चर्चच्या घड्याळाचे काटे वाचायचा प्रयत्न करायचा. बायको स्वयंपाकघरात आली की चटकन हात खाली.

बायको म्हणजे तिल्का. नांदेची काडतुसं ती भरायची. लग्नानंतर तीही मंडळात होती, परवाना तिच्याकडे अजून होता. गुडघा गेला तसं जंगल सुटलं, पण काडतुसं सुटली नाहीत. जिथे पूर्वी लोणच्याच्या बरण्या असत त्या खोलीत तिचं दाबयंत्र होतं. वापरलेल्या पुंगळ्या ती धुवायची, आकारात आणायची, बुडाला ठिणगीची नवी टोपी बसवायची, ताजव्यात दारू तोलून ओतायची, वर गोळी बसवायची. तिच्या हाताला घाई माहीत नव्हती. नांदे मित्रांना म्हणायचा, "बायकोच्या हातचं जेवण सगळेच खातात रे, मी बायकोच्या हातचं काडतूस वापरतो."

तीन वर्षांपूर्वी तिची नेहमीची दारू दुकानात मिळेनाशी झाली. दुकानदार म्हणाला, "बाई, सगळी तोफांच्या पोटात चाललीय. आपल्याला कोण विचारतो?" त्याने दुसरा डबा पुढे केला. ही दारू नायट्रोग्लिसरीन घातलेली. जोर जास्त, आच जास्त. तिल्काने डब्यावरचं सगळं वाचलं, घरी येऊन माहितीपत्रक वाचलं आणि नांदेला सांगितलं, "ही तापट आहे. तुझी रायफल आधीच मोठ्या पुंगळीची. एवढी दारू एवढ्याशा भोकातून जाणार, त्यात ही अशी. नळी खाईल ही."

"किती खाईल?"

"जुनीच्या मानाने पुष्कळ. आणि तापल्या नळीत लागोपाठ उडवलीस तर विचारूच नकोस."

नांदेने दगडाच्या खाणीत जाऊन ती उडवून बघितली आणि लहान मुलासारखा उड्या मारत घरी आला. गोळी टेबलासारखी सपाट जात होती. लांबच्या निशाणाला वर धरायची गरज नाही, वाऱ्याचा हिशेब करायची गरज नाही! मंडळाचा प्रमुख वेन्सेल क्लुन शेजारीच राहायचा. तो कुंपणावरून ओरडला, "तिल्का, तुझ्या नवऱ्याला पिण्यातली कडक, बंदुकीतली पण कडकच लागते का गं?" त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या दोन्ही उन्हाळ्यांत नांदे खाणीत जाऊन मनसोक्त उडवत राहिला. नळीला हात लावला की चटका बसायचा. "थंड होऊ दे रे जरा," तिल्का म्हणायची. "होते की घरी जाताना," तो म्हणायचा.

यंदा मार्चमध्ये, नवी काडतुसं भरायच्या आधी, तिल्काने नेहमीसारखी एक रिकामी पुंगळी घेतली, तिच्यात मुद्दाम गोळी बाहेर ठेवून बसवली आणि रायफलमध्ये सरकवली. नळीतले पिळाचे आटे जिथे सुरू होतात तिथे गोळी टेकायला हवी. आजवर टेकत आली होती. यावेळी ती तशीच आत गेली. तिल्काने गोळी आणखी बाहेर काढली. तरी टेकली नाही. मग तिने नळीत बारीक दिवा सोडून पाहिलं. पुंगळीच्या पुढचा बोटभर भाग, ज्याला कारागीर नळीचा घसा म्हणतात, करडा पडला होता आणि आटलेल्या डबक्याच्या तळासारखा तडकला होता. आट्यांच्या कडा तिथे नावालाही उरल्या नव्हत्या. असा घसा असला की गोळी पिळात शिरायच्या आधीच डुगडुगते. एक नीट जाते, दुसरी कुठेही.

नांदेचे डोळे नव्हे, बंदूक चुकत होती. निदान बंदूक तरी चुकत होतीच.

हे सांगायला ती उठलीसुद्धा. नांदे अंगणात लाकडं फोडत होता. तिला पाहून त्याने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली आणि ती बोलायच्या आत म्हणाला, "तिल्का, मी ठरवलं. डोळे गेले माझे. हे वर्ष बघतो, नाहीतर शरदात रायफल विकून टाकतो."

तिल्का जागीच थांबली.

मागच्या शरदात नांदे एकटाच जंगलात गेला होता आणि छातीत कळ येऊन एका खोल खळग्यात बसून राहिला होता. अळंबी गोळा करायला आलेल्या एका माणसाला तो दिसला म्हणून वाचला. ल्युब्लियानाला नेऊन डॉक्टरांनी रक्तवाहिनीत जाळी बसवली, एकटं फिरू नका म्हणून बजावलं. घरी आल्यावर पहिल्याच रविवारी तो एकटा निघाला. तिल्काने रडून पाहिलं, भांडून पाहिलं, मुलीकडून मारिबोरहून फोन करवला. काही उपयोग झाला नाही. आणि आता हा माणूस स्वतःच्या तोंडाने सोडतो म्हणत होता.

"बघ बाबा, तुझं तुला कळतं," ती म्हणाली आणि आत आली.

नंतर वेन्सेल आला, नांदे घरी नसताना. मऊ मनाचा माणूस, टोपी हातात फिरवत दारातच उभा राहिला. "त्याची रायफल घेऊन मी चार गोळ्या झाडून बघू का गं? डोळे त्याचे की दुर्बीण हलली, एकदा कळेल तरी."

"नको," तिल्का म्हणाली. "त्याला फार लागेल वेन्सेल. त्याचा त्याला सोडू दे."

वेन्सेलने मान डोलावली आणि गेला. तिल्का कितीतरी वेळ ओट्याला टेकून उभी होती. गप्प बसणं वेगळं, आणि हे वेगळं, हे तिला कळत होतं.

एप्रिलमध्ये एका अस्वलाने गावाच्या वरच्या अंगाची मधाची खोकी फोडली, पुन्हा आलं, मेंढरांच्या गोठ्यापर्यंत आलं. मंडळाला ते मारायची परवानगी मिळाली आणि पाळी होती नांदेची. तो नाही म्हणेल असं तिल्काला वाटलं होतं. वेन्सेलनेही हळूच सुचवलं, "धाकट्यांपैकी कुणाला द्यायचं का?" त्यावर नांदेचे कान लाल झाले. "मचाणावरून मक्यावर आलेलं अस्वल मला दिसणार नाही? एवढं मोठं? एवढंच घेतो. मग तुम्ही मोकळे, मीही मोकळा."

तिल्काने काडतुसं भरून दिली. हातांनी रोजचं काम केलं. मनाशी ती घोकत राहिली की मचाणापासून मका टाकतात ती जागा जवळ आहे, इतक्या जवळून घासलेली नळी तरी किती भरकटणार. तो जिना उतरेपर्यंत तिने दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्याला स्वेटर घेतलास का म्हणून विचारलं.

संध्याकाळी, उजेड अजून पुरता गेला नव्हता, नांदेची गाडी अंगणात शिरली. गाडीत अस्वल नव्हतं. तो आत आला, रायफल कोपऱ्यात उभी केली आणि टोपी न काढता टेबलाशी बसला.

"जखमी केलं," तो म्हणाला.

तिल्काच्या हातातला पळा भांड्यात पडला.

"आडवं उभं होतं. खांद्याच्या मागे धरलं, अगदी सावकाश. श्वास सोडला, मग ओढला घोडा. ते ओरडलं, गरागरा फिरलं, स्वतःलाच चावलं आणि जाळीत घुसलं. खाली उतरून पाहिलं, थोडं रक्त आणि हाडाचा तुकडा." त्याने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत बसला. "मी कुठे धरलं आणि कुठे लागलं, तिल्का? मला तर नीट दिसत होतं. का मला दिसतंय असं वाटतं, आणि दिसत नाही?"

वेन्सेलला त्याने वाटेतूनच फोन केला होता. रिब्नित्साची पोलोना मिहेलिच उजाडताच कुत्री घेऊन येणार होती. जखमी जनावराचा माग काढण्यात तिच्याएवढं चांगलं त्या भागात कुणी नव्हतं. मारणाऱ्याने सोबत जायचं, ही रीत होती. नांदे जाणारच होता. जखमी अस्वल दाट जाळीत पाठ टेकून वाट बघतं, हे त्या घरात कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

तिने वाढलेला आंबट कोबी त्याने खाल्ला नाही. रायफल पुसली, सकाळसाठी तिनेच भरलेली काडतुसं जाकिटाच्या खिशात टाकली, छातीच्या गोळ्या दुसऱ्या खिशात, आणि झोपायला गेला. तिल्का त्याच्यामागून जिन्यापर्यंत गेली. "नांदे," म्हणाली. तो वळला. त्याचा चेहरा इतका उतरला होता की त्यावर आणखी काही टाकायचं तिला धैर्य झालं नाही. "दिवा घालव जाताना," एवढंच ती म्हणाली.

सकाळी अंगणात धुकं होतं. पोलोना तिशीची, आखूड केसांची, कामापुरतं बोलणारी. तिची तांबूस कुत्री ब्रिना गाडीच्या मागच्या दारात बसून थरथरत होती. वेन्सेल आला, हात चोळत. पोलोनाने हाडाचा तुकडा तळहातावर घेऊन न्याहाळला. "पायाचं हाड आहे. म्हणजे जिवंत आहे, आणि चिडलंय. माझ्यामागे एकच माणूस येईल, मी सांगेन तेव्हाच झाडेल. नांदेकाका, तुम्ही याल?"

"माझं जनावर आहे. मीच येणार." नांदेने रायफल उघडली आणि काडतूस घालायला घेतलं.

"ती नको नेऊस," तिल्का म्हणाली.

तिघेही तिच्याकडे पाहायला लागले.

"नळी गेलीय तिची. घसा जळालाय. त्या तापट दारूने खाल्ला. गोळी टेकतच नाही आता आत. मला मार्चपासून माहीत आहे."

कुत्रीने एक बारीक आवाज काढला.

"मार्चपासून," नांदे म्हणाला.

"तू सोडतो म्हणालास. मला वाटलं, सोडू दे. त्या खळग्यातून तुला उचलून आणलं तेव्हापासून मी प्रत्येक रविवारी..."

वेन्सेलचा चेहरा पडला. "म्हणजे मी झाडून बघतो म्हणालो, तेव्हा तू..."

"हो."

खिशातली काडतुसं काढून एकेक करून नांदेने वेन्सेलच्या गाडीच्या टपावर उभी केली. रायफल त्यांच्याशेजारी ठेवली. तिल्काला वाटलं, ओरडेल, शिवी देईल. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हे तुमचं घरचं भांडण तुम्ही नंतर करा," पोलोना म्हणाली. "वेळ जातोय. नांदेकाका, ते धुराडं दिसतंय? त्यावर काय बसलंय?"

"कावळा. आणि खाली आणखी एक."

"ठीक. वेन्सेलकाका, तुमची बंदूक द्या त्यांना."

वेन्सेलने खांद्यावरची रायफल उतरवून नांदेच्या हातात दिली. "जरा डावीकडे ओढते," तो म्हणाला.

"कळेल तरी कुणीकडे ओढते," नांदे म्हणाला. ते शब्द तिल्काला गालावर बसल्यासारखे लागले.

मचाणापाशी पोलोनाने कुत्रीच्या पट्ट्याला लांब दोर लावला आणि दोघे जाळीत शिरले. तिल्का आणि वेन्सेल जंगलाच्या कच्च्या रस्त्यावर गाडीत थांबले. काचा खाली. बराच वेळ फक्त झाडांवरून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं.

"मी तुला सांगतो तिल्का," वेन्सेल म्हणाला, "आमची मारिया मला शिकारीला जाऊ नको म्हणून रोज शिव्या घालते. पण माझ्या बंदुकीला हात लावत नाही."

"मी हात लावला नाही."

"तेच तर. लावायला पाहिजे होतास."

तेवढ्यात खालच्या अंगाला कुत्री भुंकायला लागली. मागावरचं भुंकणं वेगळं; हे एका जागी रोवून भुंकणं होतं, घशातून, न थांबता. वेन्सेलने दार उघडलं. "उठवलं त्यांनी."

फांद्या मोडल्या. पोलोनाचा आवाज आला, काय म्हणाली ते कळलं नाही. मग गोळी. कुत्री केकाटली. मग पुन्हा गोळी, आणि त्यानंतर काहीच नाही. पाणीसुद्धा ठिबकायचं थांबल्यासारखं झालं.

"नांदे!" तिल्का ओरडली.

वेन्सेलने तिचा दंड धरला. "अगं थांब, आपल्याकडे काठीसुद्धा नाही!" तिने हात सोडवून घेतला आणि उतारावर धाव घेतली. गुडघा दुमडला, ती पडली, उठली, काट्यांतून, दगडांवरून बसत-घसरत खाली गेली. पडलेल्या स्प्रूसच्या झाडांच्या ढिगापाशी पोलोना जमिनीवर बसली होती, पँट मांडीपर्यंत फाटलेली, आणि ब्रिनाचा कान दाबून धरत होती. तिच्यापुढे, हात लावता येईल इतक्या अंतरावर, अस्वल पालथं पडलं होतं. नांदे एका बीचला टेकून बसला होता, तोंड राखेसारखं, हात छातीवर.

तिल्का त्याच्यासमोर गुडघ्यांवर कोसळली आणि त्याच्या खिशातल्या छातीच्या गोळ्या शोधायला लागली. त्याने तिचं मनगट धरलं.

"नाही. कळ नाही. श्वास घेतोय फक्त. घेऊ दे."

"खोटं नको बोलूस!"

"आपल्या दोघांत तो मान तुझा आहे," नांदे म्हणाला. पण मनगट सोडलं नाही.

"ढिगाखालून आलं," पोलोना सांगू लागली. "माझ्या बंदुकीचा पट्टा फांदीत अडकला. मी पडले. ब्रिना मध्ये घुसली. काकांनी पहिली मानेत घातली, तरी येतच होतं. दुसरी माझ्या डोक्यावरून मारली, मी हात वर धरला होता त्याच्या अगदी जवळून." तिने ओठ पुसले. "तुमची ती बंदूक असती ना काकू, तर गोळी अस्वलाला लागली असती की मला, देवच जाणे."

अस्वलाच्या पुढच्या पायाचा पंजा फुटला होता. तिथे लागली होती कालची गोळी; नांदेने धरलं होतं त्या जागेपासून ढळढळीत लांब. वेन्सेल धापा टाकत पोचला तेव्हा नांदे उठून उभा होता. त्याने स्प्रूसची डहाळी मोडून रीतीप्रमाणे शेवटचा घास म्हणून अस्वलाच्या तोंडात ठेवली. दुसरी डहाळी, शिकार साधणाऱ्याच्या मानाची, वेन्सेलने त्याच्या टोपीत खोचायला पुढे केली. नांदेने ती घेतली, ब्रिनाच्या पट्ट्यात खोचली आणि चढायला लागला.

त्यानंतर बरेच आठवडे त्या घरात फक्त मीठ दे, दार लाव, एवढंच बोलणं झालं. नांदेने रायफल कोचेव्हेच्या बंदूक कारागिराकडे नेली. तिल्का बोलावल्याशिवाय सोबत गेली आणि त्याने तिला उतर म्हटलं नाही. कारागिराने नळीत बारीक कॅमेरा सोडला. पडद्यावर तो तडकलेला करडा घसा दिसला. नांदे पडद्याकडे पाहत राहिला. "डोळ्यांवर खापर फोडत होतो मी," तो पुटपुटला. "रोज सकाळी खिडकीत उभा राहून."

डोळ्यांच्या डॉक्टरकडेही गेलेच. तिथे निघालं की उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागलाय. फार नाही, पण आहे. बाहेर आल्यावर नांदे पायरीवरच हसायला लागला, बऱ्याच दिवसांनी. "म्हणजे दोघंही गेलो होतो. मी पण आणि ती बंदूक पण."

घरी येताना गाडीत तो म्हणाला, "मला सरळ सांगायचंस ना, सोड म्हणून."

"सांगितलं नाही? किती वेळा सांगितलं?"

त्याने गाडी पुढच्या वळणावर घेतली. "हो," म्हणाला मग. "मी नसतं सोडलं."

"माहीत होतं मला."

"तरी सांगायला पाहिजे होतंस. बंदुकीचं. पोरगी मेली असती, तिल्का."

"हो," ती म्हणाली. तिने खिडकीबाहेर तोंड फिरवलं आणि तो तिला रडू देत गाडी हळू चालवत राहिला.

नांदेने शिकार सोडली नाही. उन्हाळ्यात डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, शरदाआधी रायफलला नवी नळी बसली. एकटा मात्र तो जाईनासा झाला. वेन्सेल सोबत असतो, आणि वेन्सेल इतका बडबडतो की दोघांना जनावर क्वचितच दिसतं. जुनी सौम्य दारू दुकानात पुन्हा यायला लागली. तिल्काने तीच आणली. "बैलगाडीसारखी जाते गोळी," नांदे कुरकुरला. "जाऊ दे," ती म्हणाली, "पण नळी टिकेल. आणि पाच झाडल्यास की थांबायचं."

पहिली खेप भरायला ती बसली तेव्हा तो खोलीत आला. पूर्वी कधी येत नसे. तिच्या मागे उभा राहून तो ताजव्याकडे बघत राहिला, प्रत्येक मापाला, चष्मा लावून. तिला ते खुपलं. बस म्हणावंसं वाटलं नाही, जा म्हणायचा हक्क आपल्याला आहे असं तिला वाटत नव्हतं.

"जरा सरक," ती शेवटी म्हणाली. "उजेड अडवतोयस."

तो दिव्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला, आणि पाहत राहिला.